साधी साडी, दागिने नकोत

मुलाखतीच्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ होती : 'उमेदवारांनी साध्या साडीत यावे, दागिने नकोत.' या एवढ्याशा ओळीने माझे पाच महिने खाल्ले. ओळीचा काही दोष नाही म्हणा. ओळ सरळ होती, डोकं माझं तिरकं.

पत्र रत्नागिरीतल्याच एका ख्रिस्ती शाळेचं होतं. सिस्टर लोक चालवतात ती. मराठीला पूर्ण वेळ शिक्षिका हवी होती. त्याआधी आठ वर्षं मी तासिका तत्त्वावर या शाळेतून त्या शाळेत फिरत होते. जूनमध्ये बोलवायचे आणि मार्चमध्ये 'बघू हं पुढच्या वर्षी' म्हणून वाटेला लावायचे. त्यामुळे हे पत्र आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा शेजारच्या काकूंना वाचायला दिलं. काकूंची भाची मुंबईला कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये त्या विषयातल्या जाणकार त्याच. मी अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली. सिस्टर मी आयुष्यात पाहिल्या होत्या त्या एसटी स्टँडवर, लांबून.

काकूंनी चष्मा लावला आणि निकाल दिला. "मंगळसूत्र म्हणजे दागिनाच की गं. आणि टिकली तर त्यांच्यात चालतच नाही. बांगड्यापण काढ. आलेली नोकरी एवढ्यातेवढ्यावरून घालवू नकोस."

नोकरी घालवायची नव्हतीच मला. का नव्हती ते सांगते. आमचे हे लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. सात वर्षं तिथेच तिघांबरोबर एका खोलीत राहायचे आणि एक आड एक साप्ताहिक सुट्टीला रत्नागिरीला घरी यायचे. शर्ट कितीही घासले तरी त्यांचा वास जात नसे. इथे त्यांच्या मित्राचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तो कधीचा 'ये, ये' म्हणत होता. पण दोघांपैकी एकाची नोकरी पक्की असल्याशिवाय कोण धाडस करणार? माझी नोकरी पक्की झाली की हे लोटे सोडून घरी येणार, एवढं साधं गणित होतं. हे घरी येणं त्या एका पत्रावर टांगलेलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी पांढरी सुती साडी नेसले, फिक्या निळ्या काठाची. सासूबाईंसमोर मंगळसूत्र काढायची छाती नव्हती, म्हणून ते रिक्षात काढलं आणि सुट्ट्या पैशांच्या पाकिटात ठेवलं. टिकली मोबाइलच्या कव्हरला चिकटवली. बांगड्या रुमालात. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. मी त्याला म्हटलं, "पुढे बघा हो!"

मुख्याध्यापिका सिस्टर साठीच्या आसपासच्या, मूळच्या वसईकडच्या. मराठी अगदी आपल्यासारखं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या गळ्याकडे एकदा बघून लगेच नजर खाली घेतली. मला वाटलं, पास! नियम पाळलाय हे बघितलं बाईंनी. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, "सासूबाई, मुलगी आणि मी." पुढचं लोट्याचं सांगणार तेवढ्यात त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं बरं, राहू दे," आणि माझ्या सर्टिफिकिटांकडे वळल्या. मग सातवीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायला लावला. आठ दिवसांनी फोन आला की तुमची निवड झालीये, नोव्हेंबरअखेरपर्यंत प्रोबेशन, मग संस्थेकडे अहवाल जाईल. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

जूनमध्ये रुजू झाले. पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला शाळेची रीत समजावली, तीही फिरता फिरता, व्हरांड्यात. गणवेशाबाबत शाळा फार कडक. मुलींना दोन वेण्या, काळी रिबन, गुडघ्याखाली स्कर्ट. सोनं नाही, मेंदी नाही, नेलपॉलिश नाही, गजरा नाही. वाढदिवसालासुद्धा गणवेशच. मी मनात म्हटलं, काय हा जाच! एवढुशा पोरींच्या हौशीवर कसला राग? तोंडावर अर्थात 'हो सिस्टर'. त्यांना बहुतेक कळलं असावं. त्या म्हणाल्या, "आमच्या एकाच वर्गात डॉक्टरची मुलगी आहे आणि मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी आहे. दोघी एका बाकावर बसतात. बसल्यावर कोण कुठल्या घरातली ते बाईंना ओळखता येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं. मुलांना आपसात कळतंच. बाईंना कळू नये."

हे मी कुठे ऐकलं नव्हतं. 

दुसरी रीत त्याहून नवलाची. ऑफिसच्या बाहेर बदामाच्या झाडाखाली एक बुटका बाक आहे. प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं सिस्टर तिथे येऊन बसतात. ज्या मुलाने काही चूक केली असेल त्याने यायचं आणि सांगायचं. आपण होऊन सांगितलं की शिक्षा नाही. जे बिघडवलं ते नीट मात्र करून द्यायचं. मुलं त्याला 'सांगायचा बाक' म्हणतात. आणि शिक्षकांना सक्त ताकीद : गेटवर कोणाच्या बोटावर नेलपॉलिश दिसलं, कोणी खोटं बोलतंय असं वाटलं, तरी लगेच बोलायचं नाही. तीन दिवस थांबायचं. सिस्टर म्हणायच्या, "आपण पकडलं तर मूल पुढच्या वेळी जास्त चांगलं लपवायला शिकतं. तीन दिवसांत बहुतेक येतात. नाही आलं तर मग आपण बोलू."

आता तुम्ही म्हणाल, बाई, शाळेत बाकीच्या शिक्षिका होत्या ना, त्यांचे गळे दिसले नाहीत का? दिसले! पहिल्याच दिवशी दिसले. तिघीचौघींच्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर बारीक टिकली. पण माझं डोकं म्हटलं ना तिरकं. आठ वर्षं हंगामी राहून राहून मला एकच कळत होतं, की पक्क्या लोकांना जे चालतं ते कच्च्यांना चालत नाही. म्हटलं, या पर्मनंट, यांना सूट असणार. आपण प्रोबेशनवर. नोव्हेंबरपर्यंत कळ काढावी. कुणाला विचारलं तर 'नवी आली नाही तोच टिकलीचं पडलंय' असं व्हायचं. रोज शाळेच्या अलीकडच्या वळणावर मी मंगळसूत्र काढायचे आणि परतताना त्याच वळणावर घालायचे.

चौथ्या दिवशी परतताना मंगळसूत्र घालायला विसरले आणि पाकीट सासूबाईंच्या हाती लागलं. त्या गावाकडच्या, संगमेश्वर तालुक्यातल्या, मनातलं तोंडात आणायला त्यांना वेळ लागत नाही. "काय गो, ह्या काय? माजा पोरगा जिता हाय सोन्यासारका, नि तू उघड्या गळ्यानं फिरतंस?" मी नियम समजावला. त्या म्हणाल्या, "असला कसला न्येम? त्या बायेला मी इचारतंय." मी त्यांच्या पाया पडून थांबवलं. आज वाटतं, जाऊ द्यायला हवं होतं. पाच मिनिटांत निकाल लागला असता.

शाळा मला आवडायला लागली होती. माणसं तर इतकी चांगली की मी घरी येऊन कौतुक करत सुटायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणिताच्या बाई बसायच्या, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्या डब्यातून माझ्यासाठी रोज काहीतरी जास्तीचं आणायच्या. मुलगी आजारी पडली तर सिस्टर स्वतः म्हणाल्या, "तुम्ही जा घरी, तास मी घेते." आणि एकानेही मला 'मिस्टर काय करतात' म्हणून विचारलं नाही. रत्नागिरीत हे म्हणजे आश्चर्यच. इथे रिक्षावालासुद्धा आडनाव, गाव आणि नवऱ्याची कंपनी विचारून मग मीटर टाकतो. मी म्हटलं, याला म्हणतात सुसंस्कृत वातावरण! नाहीतर आम्ही, भोचक मेले.

एकच गोष्ट खटकली. वटपौर्णिमेला मी पहाटे वडाला सूत गुंडाळून, उपाशीपोटी शाळेत आले, तर त्या तिघीचौघी कोपऱ्यात आपसात वाण देत होत्या. मला बघून गप्प झाल्या आणि ताट झाकलं. श्रावणात गणिताच्या बाईंकडे हळदीकुंकू झालं, सगळ्यांना बोलावणं, मला नाही. नवरात्रात भोंडल्याला तेच. मला भयंकर राग आला. मी काय यांच्या पंक्तीला बसायच्या लायकीची नाही? दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तोंड फुगवून वह्या तपासत बसले. त्यावर गणिताच्या बाईंनी माझ्या टेबलावर न बोलता नारळाच्या वड्यांचा डबा ठेवला. मी रागारागात सगळ्या खाल्ल्या.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. नोव्हेंबर महिना ख्रिस्ती लोकांत गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. शाळेतल्या प्रार्थनाघराबाहेर एक फळा आहे. त्यावर शिक्षक-शिपायांच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लावतात, मग ती कुठल्याही धर्माची असोत, आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. छान वाटलं मला. कोणाचे वडील, कोणाची बहीण, असं वाचत मी खाली खाली येत होते. नववी ओळ. माझ्या नवऱ्याचं नाव. रुजू होताना फॉर्मवर मीच लिहिलं होतं तसं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे 'कै.'

आई शप्पथ सांगते, पहिल्या क्षणी मला वाटलं की लोट्याहून फोन आलाय, शाळेला कळलंय आणि मलाच कोणी सांगितलं नाही.  भिंतीला धरून मी मोबाइल काढला आणि ह्यांना लावला. पलीकडून हे म्हणाले, "अगं, ड्युटीवर आहे, नंतर कर." मग मला श्वास आला. आणि मग एकेक करत सगळं लख्ख दिसायला लागलं : सिस्टरनी खाली घेतलेली नजर, झाकलेलं ताट, नारळाच्या वड्या. पांढरी साडी, मोकळा गळा, मोकळं कपाळ. अगं बाई गं! मी पाच महिने या शाळेत विधवा म्हणून वावरत होते, आणि ठाऊक नसलेली मी एकटीच होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे हसून हसून खोकायला लागले. "म्हणजे मी वारलो? कशाने गं?" मग म्हणाले, "चांगलं झालं. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं." त्यांना सगळ्याचीच मस्करी. मी म्हटलं, "उद्या सिस्टरना जाऊन सांगते." आणि खरंच सांगणार होते.

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई अहवालाचा विषय काढून म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस गं. तुझ्यासाठी सिस्टर संस्थेशी भांडल्यात. दुसरी एक उमेदवार होती, तुझ्याहून जास्त अनुभवाची. पण सिस्टर म्हणाल्या, हीच हवी."  मला काय समजायचं ते समजलं. बिचारी विधवा, पदरात लेकरू, सासू सांभाळायची, म्हणून ही नोकरी मला मिळालीये. आता नवरा जिवंत आहे म्हणून सांगितलं तर काय होईल? नोकरी जाईल. वर फसवून घेतली म्हणून शिक्का. रत्नागिरी केवढी, दुसऱ्या दिवशी साळवी स्टॉपपर्यंत पोचेल. आणि ह्यांचं घरी येणं मग विसरायचंच. ज्या नोकरीमुळे हे घरी येणार होते, ती नोकरी हे नाहीत या भरवशावर उभी होती. 

मी ठरवलं, महिनाअखेर अहवाल जाऊ दे. मग बघू.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. आधी माझ्याकडून चूक झाली होती, आता मी खोटं वागत होते, हा फरक मला रोज टोचायचा. रोज त्या फळ्यावरून जायचे, मान वळवून. ह्यांना सुट्टी आली तेव्हा फोन करून सांगितलं, "येऊ नका, शाळेतलं कोणी बघेल." पुढच्या वेळीही तेच. सासूबाई दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. ह्यांनीही मस्करी थांबवली होती. "बरं," एवढंच म्हणाले. त्या 'बरं'चा मी विचार केला नाही. मला फक्त हायसं वाटलं की चला, आणखी पंधरा दिवस निभावलं. इतकी मी निर्ढावले होते.

तुळशीची लग्नं झाली आणि गावोगाव लग्नांचा धडाका सुरू झाला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेटवर माझी ड्युटी होती. सातवीतली एक मुलगी उजव्या हाताला जाड बँडेज बांधून आली. म्हणाली, "टीचर, मावशीच्या लग्नात वडे तळताना तेल उडालं." बँडेजच्या कडेने मनगटावर नारिंगी वेलबुट्टी डोकावत होती. भाजलेल्या हाताला मेंदीतल्या निलगिरीचा वास मी तरी कधी घेतला नव्हता. पण तीन दिवसांचा नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, "काळजी घे हं," आणि आत सोडलं.

पोरीची काय बडदास्त! मैत्रिणी दप्तर उचलायच्या, एकजण आपली वही सोडून हिची वही लिहायची, शिपाईमावशी डबा उघडून द्यायच्या. गणिताच्या बाईंनी, ज्या कोणाला सोडत नाहीत, त्यांनी तिला चाचणीतून सोडलं. दोन दिवस मी बघत होते. मला तिचा राग येत होता. लबाड कुठली, असं म्हणत होते मी. मी!

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेटवर माझ्यापाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "टीचर, माझ्याबरोबर बाकापर्यंत येता?"

मी म्हटलं, "का गं, आधीच का नाही गेलीस?"

"जाणारच होते," ती म्हणाली, "पण सगळे इतकं चांगलं वागायला लागले, की सांगताच येईना."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. मी तिचा हात धरला. खरं तर तिने माझा धरला होता. आम्ही बदामाच्या झाडाकडे निघालो.

सिस्टर बाकावर बसल्या होत्या. मुलीने बँडेज सोडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सिस्टरनी तिचा तळवा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "रंगलीय छान. एकाच हातावर?" ती हुंदका देत म्हणाली, "दुसऱ्यावर काढायच्या आत आईने हाका मारल्या." सिस्टर म्हणाल्या, "जिने दोन दिवस तुझी वही लिहिली, तिची स्वतःची अपुरी असेल. ती तू पूर्ण करून दे. उजव्या हाताने. जा." पोरगी अशी पळाली, जणू पायाला बांधलेलं काही सुटलं.

मी मात्र तिथेच उभी होते. सिस्टर म्हणाल्या, "बोला बाई?"

मी त्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. म्हटलं, "सिस्टर, मलापण सांगायचंय." पत्रातली ओळ सांगितली, काकू सांगितल्या, पाकीट, वळण सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी फळा वाचल्याचं सांगितलं आणि वाचूनही गप्प बसले तेही. शेवटी म्हटलं, "माझे मिस्टर आहेत, सिस्टर. लोट्याला असतात. तुम्ही माझा अहवाल अडवलात तरी माझी तक्रार नाही."

सिस्टर माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांचे ओठ हलत होते.

"आहेत?" त्या म्हणाल्या. "म्हणजे, जिवंत आहेत?"

"हो, सिस्टर."

त्या उठल्या. छातीवर क्रुसाची खूण केली, आणि माझे दोन्ही हात घट्ट धरून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. "अहो, आहेत! जिवंत आहेत! जूनपासून रोज पहाटे मी त्या माणसासाठी प्रार्थना करते. एवढा तरुण माणूस, कसा गेला असेल, काय झालं असेल, तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. आणि ते आहेत!" प्रार्थनेची घंटा वाजली तरी त्यांनी हात सोडले नाहीत. प्रश्नांवर प्रश्न. तब्येत कशी आहे त्यांची? जेवणाचं काय करतात? शेवटचे घरी कधी आले होते?

या शेवटच्या प्रश्नावर मी अडकले. दिवाळीला आले होते, म्हटलं. त्यानंतर मीच येऊ दिलं नव्हतं. तेही सांगितलं.

मग सिस्टर भानावर आल्या आणि रागावल्याही. "दागिने नकोत म्हणजे मंगळसूत्र काढा, असं कोणी सांगितलं तुम्हाला? पाच महिन्यांत एकदा विचारता आलं नाही?" मी म्हटलं, भीती वाटली. त्या म्हणाल्या, "आणि मीही विचारलं नाही. न विचारता नाव लावून मोकळी झाले. मुलांना इथे बोलायला बसवते आणि आम्ही मोठे एकमेकांशी बोलत नाही." नोकरीचं मी चाचरत विचारलं, तर त्यांना तो प्रश्नच कळेना. "विधवा म्हणून घेतलं? छे हो! नमुना पाठात तुम्ही फळ्यावर एक ओळ चुकीची लिहिलीत, एका मुलीने दाखवली, तर सगळ्या वर्गासमोर तुम्ही 'अगं हो, चुकलं माझं' म्हणालात. दुसऱ्या बाईंनी मुलीलाच खाली बसवलं होतं. त्यावरून भांडले मी संस्थेशी." मला ती ओळही आठवत नव्हती आणि ती मुलगीही.

"अहवाल आजच जाईल," त्या म्हणाल्या. "पण बिघडवलंय ते नीट करायचं. स्टाफरूममध्ये तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार."

सांगितलं. एकदम गलका झाला. गणिताच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुला हळदीकुंकवाला बोलावलं नाही म्हणून मला आठ दिवस झोप नाही, आणि तू घरी जाऊन कुंकू लावून बसत होतीस? बाई गं, माझ्या वड्या परत दे!" मग मला मिठी मारून त्याच सगळ्यात मोठ्याने रडल्या. कोणीतरी पर्समधलं टिकलीचं पाकीट पुढे केलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी तिथे पोट धरून हसले.

मधल्या सुट्टीत ह्यांना फोन लावला. रात्रपाळी करून झोपले असतील हे माहीत होतं, तरी लावला. नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. तेव्हाही वाजत राहिली, आणि मी व्हरांड्याचा खांब धरून उभी, उचला, उचला हो, म्हणत. तिसऱ्यांदा घोगरा, झोपेतला आवाज आला.

"काय गं? नोकरी गेली?"

"नाही. पक्की झाली."

"मग रडतेस कशाला?"

मला सांगताच येईना. हा माणूस आहे, जिवंत आहे, फोनवर जांभई देतोय, या गोष्टीचा आनंद माझ्याआधी एका परक्या बाईला झाला होता. मी फक्त म्हटलं, "अहो, घरी या."